सतरावी ओळ

आमच्या घराण्यात एखादी मुलगी लग्नाची झाली की स्थळांना पत्रं लिहायला मला बसवत. काळीला सावळी लिहायचं, आडमुठीला करारी, दात पुढे असले तर हसतमुख, आणि अभ्यासात ढ असली तर गृहकृत्यदक्ष. खोटं एक अक्षर लिहायचं नाही आणि खरं एकही कळू द्यायचं नाही, अशी माझी ख्याती. माझ्या पत्रांवर पाच-सहा लग्नं जमली. त्यांतली एक चुलतबहीण वर्षभरानं मला म्हणाली, "अक्का, तू माझ्याबद्दल लिहिलेलं वाचून मलाच माझ्याशी लग्न करावंसं वाटलं बघ." मी ते कौतुक समजून पदराला बांधलं. अशी मी शहाणी!

हे सांगायचं कारण असं, की पन्नाशीला टेकले असताना याच लेखणीनं मी लष्कराच्या एका गाडीबद्दल एक ओळ लिहिली. ती लिहिली नसती तर एका जवानाचा पाय आणि एका पोरीचं नाव, दोन्ही शाबूत राहिलं असतं.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. आमची कंपनी फाउंड्रीवाल्यांच्या भट्ट्यांसाठी कंट्रोल पॅनेल करायची आणि मी तिथल्या सॉफ्टवेअर विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे पाच माणसं, तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. तो सुरू झाला की माणसांना बोलणं थांबवावं लागे. प्रमुख म्हटल्यावर मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून चालायला शिकले होते. त्यानं समोरचं काही दिसत नसे, पण रुबाब पडे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवी शेड घेतली होती. पाच तारे कुठले ते मला शेवटपर्यंत सापडले नाहीत. फाटकाशी शेळ्या मात्र रोज असत.

त्या शेडमध्ये लष्कराचं काम आलं. ट्रकच्या पाठीवर अँटेनाचा घडीचा खांब बसवलेला. ट्रक उभा करायचा, चार कोपऱ्यांचे जॅक टेकवून समतल करायचा, मग खांब वर चढवायचा. ट्रक कललेला असताना खांब चढला तर गाडी उलटणार. म्हणून मधे आमचं एक युनिट. त्यानं सेन्सरला विचारायचं, गाडी किती कललीय? समतल असेल तरच हिरवा दिवा लावायचा आणि खांबाचं कुलूप सोडायचं. नाहीतर लाल.

कामाबरोबर लष्कराच्या खरेदी विभागानं एक अट घातली होती. जोखमीची फाइल ठेवायची. काय काय बिघडू शकतं ते एकेका ओळीत लिहायचं. त्यापुढे शक्यता किती, झालंच तर किती वाईट, आणि ते निस्तरायला कोण, त्या माणसाचं नाव. फार वाईट ते लाल, मधलं पिवळं, किरकोळ ते हिरवं. माल घ्यायचा की नाही हे ठरवताना ते आधी हीच फाइल उघडणार होते.

मालकांनी ती अट वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. शेतकऱ्याघरचा माणूस, आवाज असा की शेडमध्ये फोनची गरज पडत नसे, ते थेट पलीकडच्या शेडला ऐकू जात.

"बाई, अजून नारळ फुटला न्हाय, आन् आत्ताच बसून लिवायचं, यंत्र बंद पडंल, गाडी उलटंल? वास्तू तथास्तु म्हणती की!"

मी गणिताची पदवीधर. मीही मान डोलावली. विभागातल्या तिघा पुरुषांना विचारलं, तर एकाची बायको पोटुशी होती, एकाचं घराचं बांधकाम चाललेलं आणि तिसऱ्याला सरळ भीती वाटत होती. भावी संकटांची यादी स्वतःच्या अक्षरात कोण काढणार!

राहिली ती पोरगी. चोविशीची इंजिनियर, गडमुडशिंगीहून रोज बसनं यायची. घर बौद्ध. मालक म्हणाले, "तिला द्या. त्यांच्यात शुभ-अशुभ न्हाय बघत."

ही युक्ती मला फारच पसंत पडली. अशुभ कामं गावानं कुणाकडे ढकलायची याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून तीच चालवत होते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. उलट, मुलीला केवढी मोठी जबाबदारी दिली म्हणून मी स्वतःवर खूश.

तीही खूश झाली, ही आणखी गंमत.

"म्हणजे वाईट दिसंल ते लिहायचं, मॅडम?"

"हो."

"समदं?"

"सगळं."

"असलं काम मला जन्मात कुणी दिलं न्हवतं. घरात मी हेच करतो तर आई वरडती."

आणि तिनं लिहायला घेतलं. धुळीनं जोड सुटतील. उन्हात दिवा दिसणार नाही, लाल की हिरवा कळणार नाही. थंडीत हातमोजे घातल्यावर बटणं दोन-दोन दाबली जातील. उंदीर वायर कुरतडतील. मालकांनी ही ओळ मोठ्यानं वाचली.

"उंदीर? लष्कराच्या गाडीत?"

"उंदराला लष्कर कळतं व्हय, साहेब?"

मालकांना हसू आवरेना. सोळा ओळी अशाच झाल्या, आणि प्रत्येकीवर तिनं काहीतरी उपायही काढला. दिव्याला टोपी बसवली, बटणं लांब केली, वायरीवर पत्र्याची नळी घातली. ही फाइल म्हणजे पनवती, असं म्हणणारे आम्ही, तिच्यामुळं यंत्र दिवसेंदिवस सुधारतंय हे बघत होतो आणि तरी तिला हात लावताना बिचकत होतो.

लष्कराची माणसं तपासणीला यायला आठ दिवस राहिले होते. दुपारी पोरगी मला शेडमागं घेऊन गेली. तिथं जमीन ओढ्याकडे उतरते. चाचणीचा ट्रक तिनं तिरका लावला होता आणि खांब वर जाऊ नये म्हणून जाड पिन घालून ठेवली होती. युनिटवर लाल दिवा. बरोबर होतं.

"आता बघा हं," म्हणाली आणि ट्रकवरचा जनरेटर चालू केला.

जनरेटरनं एक आचका दिला. दिवा विझला. परत लागला तो हिरवा. गाडी तशीच तिरकी. एक, दोन... मग पुन्हा लाल.

"मी तीस वेळा करून बघितलं. तीसही वेळा हेच," ती म्हणाली. "जनरेटर सुरू होताना वीज दबते, युनिट बंद पडून पुन्हा सुरू होतं. सेन्सरचं उत्तर यायला दोन सेकंद लागतात. तोवर ते कल शून्य धरतंय. शून्य म्हणजे समतल. त्याला अजून काही कळलंच न्हाय, मॅडम, आणि ते म्हणतंय समदं बेस हाय. तेवढ्यात कुणाचा हात खांबाच्या दांडीवर असला तर?"

ते शून्य माझं होतं. प्रोग्रॅमचा तो भाग मीच लिहिलेला. वर्षानुवर्षं भट्ट्यांच्या पॅनेलात मी प्रत्येक गोष्टीची सुरुवात शून्यानं करत आले. तिथं शून्य म्हणजे थंड भट्टी, कुणाला धोका नाही. इथं शून्य म्हणजे परवानगी होती. हात सवयीनं लिहून गेला आणि चष्मा तर नाकाच्या शेंड्यावर.

उपाय तिनं काढूनच ठेवला होता. सुरुवातीला 'माहीत नाही' धरायचं आणि सेन्सरचं उत्तर लागोपाठ तीनदा आल्याशिवाय कुलूप सोडायचं नाही. चार-पाच ओळींचा बदल. पण करारात असं होतं की प्रोग्रॅमचं एक अक्षर बदललं तरी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. म्हणजे दीड महिना. मालकांनी तर तारखेचा शब्द दिलेला.

दुसऱ्या दिवशी सतरावी ओळ छापून माझ्या टेबलावर आली. 'गाडी कललेली असताना जनरेटर सुरू केल्यास युनिट सुमारे दोन सेकंद गाडी समतल असल्याचं सांगतं व खांबाचं कुलूप सोडतं. गाडी उलटू शकते. तीस चाचण्यांत तीस वेळा घडलं.' रंग लाल. निस्तरायला कोण, तिथं तिचं नाव.

मी तिला बोलावलं. माझा आवाज तेव्हा फार गोड होता, आठवला की अजून अंगावर काटा येतो.

"अगं, हे जरा सौम्य शब्दांत घालूया का?"

"कसं?"

"म्हणजे... काही विशिष्ट परिस्थितीत स्थिती दर्शवण्यात किंचित विलंब संभवतो."

"विलंब कुठं हाय त्यात, मॅडम? ते चुकीचं सांगतंय."

"सुरुवातीला चुकीचं, मग बरोबर. म्हणजे बरोबर सांगायला विलंबच की."

"बाकीच्या सोळा ओळींत मी होईल ते लिहिलंय. ही झालेली हाय. झालेलं सौम्य कसं लिहायचं?"

"तपासणी होऊ दे. मग आपण दुरुस्ती दुसऱ्या खेपेत घालू. पाहुणे घरी येणार आहेत, त्यांच्यापुढं..."

"पावणं पोरगी बघाया यायला लागल्यात काय?" ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. ती चेष्टेनं बोलली होती. माझ्या मनात मात्र खरंच तेच चाललं होतं, तिला कुठं माहीत!

ती ओळ तिनं बदलली नाही. ती मी बदलली. संध्याकाळी सगळे बसला गेल्यावर कॉम्प्युटर लावला, 'किंचित विलंब' टाइप केलं, लालचं हिरवं करायला मन धजेना म्हणून पिवळं केलं, आणि पान छापून फाइलीत लावलं. पिवळं केलं म्हणजे मी अर्धी प्रामाणिक, असा त्यात हिशेब. शेवटच्या रकान्यात तिचं नाव तसंच ठेवलं. मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की ते राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. तिचं खोडलं असतं तर तिथं माझं घालावं लागलं असतं.

तिचं मूळ पान फाडायला घेतलं. ते मात्र जमलं नाही. घडी करून पर्समध्ये टाकलं.

तपासणीचा दिवस म्हणजे अगदी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. ट्रक धुऊन शेडसमोरच्या सपाट काँक्रीटवर लावला, जिथं कललेपणाचा प्रश्नच नाही. मालकांनी नारळ फोडला. मी ठेवणीतली साडी नेसले. आणि मुलगी बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी घरातली तोंडाळ आत्या देवळात धाडायची असते, तसं मी त्या पोरीला सकाळीच पेठ वडगावला पिटाळलं, कुठल्याशा वर्कशॉपमधून क्लॅम्प आणायला. त्या क्लॅम्पची गरज नव्हती.

आलेल्यांत एक कर्नल होते. मिशा पांढऱ्या, आवाज हळू. पोहे-चहा झाल्यावर त्यांनी फाइल उघडली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. उंदराच्या ओळीवर हसले. म्हणाले, ज्यानं हे लिहिलंय तो माणूस कामाचा आहे. मालकांनी माझ्याकडं हात केला आणि मी लाजले! खरंच लाजले.

सतराव्या ओळीवर बोट थांबलं.

त्यांनी हिंदीत विचारलं, "किंचित म्हणजे किती?"

"एक-दोन सेकंद, सर."

"मॅडम, गाडी उभी करायला मला डोंगरात असं सपाट अंगण मिळत नाही. पावसात, चिखलात, घाईत माझी पोरं ती लावतात. तुम्ही हे यंत्र केलंय. मी फक्त कागद वाचतोय. यात मी काळजी करावी असं काही आहे का?"

याहून सरळ प्रश्न मला कुणी आयुष्यात विचारला नाही. त्यात सापळा नव्हता, दटावणी नव्हती. हो म्हटलं असतं तर दीड महिना उशीर, मालकांचा आरडाओरडा, आणि माझ्या शून्याची जाहीर शोभा. एवढंच होतं सगळं. तेव्हा केवढं वाटलं!

"नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

पोरगी वडगावहून परतली, क्लॅम्प टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सतराव्या ओळीवर काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले," मी सांगितलं.

दुरुस्तीची दुसरी खेप काही लागली नाही. नवी कामं आली, तीन-चार महिने गेले. पोरगी दर आठवड्याला आठवण करायची, मी दर आठवड्याला 'हो हो' म्हणायचे. मग एका सकाळी मालकांना फोन आला. डोंगराळ भागात लष्कराची स्वतःची चाचणी चालली होती. गाडी उतारावर उभी, जॅक लावायचं काम चाललेलं, एकानं जनरेटर सुरू केला, दुसऱ्यानं हिरवा दिवा बघून दांडी ओढली. दोन सेकंदांत खांब जेवढा चढला तेवढा पुरला. गाडी कलंडली आणि जॅकपाशी वाकलेल्या जवानाचा पाय खाली सापडला.

चौकशीला तीन माणसं आली. फाइल मागितली. सतराव्या ओळीवर थांबली. हा इतका मोठा दोष 'किंचित विलंब' म्हणून कुणी नोंदवला? शेवटच्या रकान्यात नाव होतंच.

मालकांनी तिला बोलावलं. पान पुढं सरकवलं. "नाव तुझं हाय की गं हे."

तिनं पान वाचलं. सावकाश वाचलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझी पर्स मांडीवर होती आणि आतल्या कप्प्यात तिचं मूळ पान. चेन उघडायची होती फक्त. मी पंख्याकडं बघत बसले. पंखा बंद होता.

"नाव माझं हाय," ती म्हणाली. "ओळ माझी न्हाय."

"मग कुणाची?" चौकशीवाल्यांनी विचारलं.

ती थांबली. तिनं मला वेळ दिला, असं मला आज वाटतं. बराच वेळ दिला. मग म्हणाली, "ज्यांची हाय त्यांना ठाऊक हाय."

याला पुरावा कोण म्हणणार? अहवालात आलं की जोखीम हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यानं गांभीर्य लपवलं, त्या व्यक्तीला या कामावर पुन्हा नेमू नये. महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली. जाताना दुरुस्तीच्या त्या चार-पाच ओळी माझ्या टेबलावर ठेवून गेली, स्वच्छ अक्षरात. त्या मी प्रोग्रॅममध्ये घातल्या, चाचण्या केल्या, आणि दोष इतक्या झटपट दूर केला म्हणून माझा सत्कार झाला. शाल मिळाली. ती शाल आजही कपाटात आहे आणि थंडीत मी ती कधी घेत नाही.

निवृत्त झाले तेव्हा नवं शतक सुरू होऊन काही वर्षं लोटली होती. नात बोलायला लागली होती. जुनी पर्स तिला खेळायला दिली, तर तिनं आतल्या कप्प्यातून घडीचा कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आज्जी, तुझं."

दोन दिवसांनी मी गडमुडशिंगीच्या बसमध्ये बसले. घर सापडायला वेळ लागला नाही. तिचे वडील अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"या पावणं. कोण म्हणायचं?"

मी सांगितलं. त्यांनी पेपरची नीट घडी घातली. मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"ही ओळ तिनं त्याच दिवशी मला वाचून दाखवली हुती," ते म्हणाले. "जेवताना. मी म्हटलं, पोरी, असं लिहिलंस तर खुर्चीवाली माणसं चिडतील. तर म्हणती, न्हाय आप्पा, आमच्या मॅडमनीच सांगितलंय, समदं लिही म्हणून."

मला पाणी आणून दिलं. मग पुण्याला फोन लावून दिला. ती तिथं दवाखान्यांच्या यंत्रांच्या कंपनीत होती. मी अडखळत सगळं सांगितलं. कागद तुझ्यापर्यंत पोचवायचा होता, म्हणाले.

"मला कशाला?" तिचा आवाज तसाच होता. "मी काय लिहिलं ते मला पाठ हाय. ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना पाठवा की."

मला तिच्या हातात कागद देऊन मोकळं व्हायचं होतं. पाठवायचं, सही करायची, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बघा, म्हातारी झाले तरी अक्कल तेवढीच.

घरी येऊन लष्कराच्या खरेदी विभागाला पत्र लिहिलं. आयुष्यात इतकी पत्रं लिहिली, पण या पत्राला चार दिवस लागले. प्रत्येक वाक्याला हात आपोआप मऊ शब्द शोधायचा आणि मी तो खोडायची. ओळ मी बदलली. शून्य माझं होतं. विचारल्यावर मी नाही म्हटलं. त्या जवानाचा पाय आता कसा आहे, हेही विचारलं. मूळ पानाची प्रत जोडली, खाली सही केली आणि रजिस्टर करून पाठवलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र मिळालं, सदर प्रकरण यापूर्वीच बंद झालेलं आहे. त्या जवानाबद्दल एक शब्द नाही. तो चालतो की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही, आणि या बाबतीत मी शून्य धरत नाही.

तिला फोन करून उत्तर वाचून दाखवलं.

"बरं केलासा," ती म्हणाली. मग विचारलं, "तुमच्या पत्रात किंचित किती वेळा आलंय?"

"एकदाही नाही."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि दवाखान्यातलं कुठलंसं यंत्र बंद पडलंय म्हणून घाईनं फोन ठेवला.

तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती.